आतले आणि बाहेरचे

“दाराची कडी लावलीस का रे?” आईनं स्वयंपाकघरातून विचारलं आणि अवधूतच्या हातातला घास हातातच राहिला. प्रश्न साधा होता. शेजाऱ्यांचं मांजर दार उघडं दिसलं की सरळ ओट्यावर चढतं, आणि आज ओट्यावर श्रीखंडाचं पातेलं होतं. क्षमाचं, त्याच्या धाकट्या बहिणीचं केळवण. साताऱ्याच्या त्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आत्या, मावश्या, शेजारच्या काकू अशा सगळ्या दाटीवाटीनं बसलेल्या, क्षमाच्या ताटाभोवती रांगोळी आणि तिच्या डाव्या हाताला पाठचा नाही तर पाठीशी असलेला भाऊ म्हणून तो. कडी त्यानं लावली होती, चांगली खटका ऐकू येईपर्यंत लावली होती. तरी त्यानं मान वळवून दाराकडं पाहिलं. कडी लावलीस का. इथली लावली. तिथली नाही लावली. मिरजेला हॉस्पिटलात, बायकांच्या वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर सकाळी तो स्वतःच्या नावानं आत गेला होता आणि बाहेर न पडताच उठून आला होता. “लावली,” तो म्हणाला, आणि आपला आवाज नेहमीसारखाच आला याचं त्याला आश्चर्य वाटलं.

नाही, बंद केलं असेल. हात आपोआप करतात ही कामं. त्यानं डोळे ताटावर ठेवून सकाळ पुन्हा चालवून पाहिली. सांगलीहून निघायची घाई, बायको, वल्लरी, गाडीत बसलेली, मागच्या सीटवर क्षमाच्या साडीची पिशवी, आणि तेवढ्यात नेमिनाथअण्णांचा फोन. अण्णा घरमालक. खालच्या मजल्यावर ते आणि त्यांची आई गुणमालाआक्का, वरच्या मजल्यावर हे दोघं. भाडेकरू म्हणून आले आणि वर्षभरात कधी घरचे झाले ते कळलंच नाही. आक्का सूर्य मावळायच्या आत जेवून जिन्यावर येऊन बसायच्या, आणि वल्लरीनं कांदा फोडणीला टाकला की खालून म्हणायच्या, “तुमचं तुमी खावा बाई, पर वास लय झाक येतोय.” त्या आक्का आदल्या संध्याकाळी न्हाणीत पडल्या होत्या. डोक्याचा स्कॅन सांगलीतच बाहेर काढला, त्यांनी सीडी हातात दिली, फिल्म सोमवारी मिळेल म्हणाले. रात्र बरी गेली. सकाळी मात्र आक्का अण्णांनाच “तुमी कोन?” म्हणायला लागल्या. मिरजेला नेलं. तिथं हॉस्पिटलचं स्कॅनचं मशीन दुरुस्तीला निघालेलं, आणि सीडी उघडेना. “अवधूत, गड्या, तुमच्या कॉम्प्युटरवर आक्काचं डोस्कं दिसंना झालंय,” अण्णा म्हणाले होते. “डॉक्टर म्हनतोय, हितं परवानगी न्हाई. कुनाची परवानगी लागती रं?”

परवानगी अवधूतची लागत होती. सगळ्या हॉस्पिटलात फक्त त्याची. संगणक विभाग म्हणून जिन्याखाली जी खोली होती तिच्यात तो एकटाच बसत असे, आणि ज्या प्रोग्रॅमला त्यानं होय म्हटलंय तेवढाच प्रोग्रॅम कुठल्याही मशीनवर चालत असे. बाकी सगळं बंद. पेनड्राइव्हवरचं बंद, सीडीवरचं बंद, कुणी भाच्याच्या बारशाचे फोटो दाखवायला आणलेलं काहीही बंद. वापरणाऱ्यांचे त्यानं दोन गट केले होते आणि त्यांना नावंही मराठीतच दिली होती. आतले आणि बाहेरचे. बाहेरच्यांत हृदयाच्या मोठ्या सर्जनपासून औषध-भांडारातल्या कारकुनापर्यंत झाडून सगळे होते. आतल्यांत तो होता. मोठे डॉक्टर, म्हणजे हॉस्पिटलचे प्रमुख, एकदा हसत म्हणाले होते, “अहो, पंचवीस वर्षं इथं आहे मी आणि तुमच्या लेखी बाहेरचा?” तोही हसला होता, पण गट बदलला नव्हता. वल्लरीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आणि मी रे? मी कुठल्या गटात?” हे तिनं चेष्टेनं विचारलं होतं. उत्तर द्यायला त्याला जरा वेळ लागला, आणि तेवढा वेळ तिच्या लक्षात राहिला.

“दादा, जेव ना,” क्षमा म्हणाली. त्यानं पुरीचा तुकडा मोडला. समोर मावशी कुणाच्या तरी सोयरिकीचं सांगत होती. त्याला ते शब्द लांबून येत होते आणि आत एकच चित्र हलत नव्हतं: वॉर्डातल्या कोपऱ्यातलं टेबल, त्यावरचं मशीन, पडद्याच्या कोपऱ्यात वर लिहिलेलं त्याचं नाव. बाहेरच्यांच्या नावानं सीडी उघडणार नव्हती म्हणून त्यानं घाईत स्वतःचं नाव घातलं. आक्कांच्या डोक्याचे काळेपांढरे काप एकामागून एक पडद्यावर आले, तरुण डॉक्टर पुढे वाकला, अण्णांनी अवधूतचा दंड घट्ट धरला. मग डॉक्टर म्हणाला, स्क्रीन सारखी झोपतेय, तेवढं बघा. त्यानं तेही बघितलं. स्वतःच्या हातानं त्यानं स्क्रीनची झोप काढून टाकली. मग अण्णा म्हणाले, चहा घेतल्याशिवाय जायचं न्हाई. खालून वल्लरीनं दोनदा फोन केला. डॉक्टर अजून बघत होता, बघताना त्याच्या हातातलं कसं काढून घ्यायचं? गाडीतून करू बंद, असं त्याला त्या क्षणी वाटलं होतं, अगदी स्पष्ट आठवतं. आणि गाडीतून काय, घरातून काय, कुठूनही हॉस्पिटलातल्या मशीनला हात लावता येणार नाही अशी व्यवस्था गेल्या वर्षी त्यानंच केली होती. स्वतःलासुद्धा वगळलं नव्हतं. तेव्हा त्याचा फार अभिमान वाटला होता.

म्हणजे आता तिथं जो बसेल तो अवधूत. ही गोष्ट त्याच्या मनात नीट वाक्य होऊन उभी राहिली. पेशंटचा मुलगा, भेटायला आलेला मेहुणा, गाणी ऐकायला पेनड्राइव्ह घेऊन आलेलं कुणीही. कुणाच्या मनात काही वाईट असायची गरजच नव्हती. गेल्या वर्षी तरी कुठं होतं? कुणीतरी लग्नाच्या अल्बमची सीडी आणली होती, वर नवरा-नवरीचा फोटो, आत काय बसलंय ते त्या बिचाऱ्यालाही ठाऊक नसणार. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलातले सगळे पडदे काळे झाले, प्रत्येकावर इंग्रजीत पैसे मागणारा एकच मजकूर. रक्ताचे रिपोर्ट गेले, औषधांच्या नोंदी गेल्या, कुणाला काय चालू आहे ते कुणालाच सांगता येईना. सिस्टर लोक कागद घेऊन जिन्यावरून वरखाली धावत होत्या. अतिदक्षता विभागात जतकडचा एक मेंढपाळ होता, पोटाचं ऑपरेशन झालेला. त्याला कुठलं इंजेक्शन चालत नाही ते मशीनमध्येच लिहिलेलं होतं. डॉक्टर विचार करत राहिले, बायकोला विचारलं, ती कानडीत बोलत होती, मग दुभाष्या शोधला. संध्याकाळी तो गेला. तसाही जाणारच होता, असं सगळे म्हणाले, मोठे डॉक्टरही म्हणाले, आणि अवधूतला कुणी एका शब्दानं बोललं नाही. त्या बाईनं जिन्याखालच्या खोलीसमोर बसून घोंगडीची घडी घातली होती, उलगडली होती, परत घातली होती. तिला ही खोली कशाची आहे तेही माहीत नव्हतं. ती सगळी बंदी, ते दोन गट त्यानंतरचे. त्या दिवसापासून त्याला भीती वाटायची. जेवताना, झोपताना, वल्लरी काहीतरी गमतीचं सांगत असताना. भीती इतकी रोजची झाली होती की तो तिला काळजी म्हणायला लागला होता. सीडी कुणाची होती ते शेवटपर्यंत सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून ती सगळ्यांची होती.

तो ताटावरून उठला. क्षमानं वर बघितलं, आत्याचा हात वाढायचा थांबला. “अरे, केळवणाच्या ताटावरून उठतात का?” आई म्हणाली. “मुलीच्या शेजारी बसलायस तू.” तो “आलोच” म्हणाला, उष्ट्या हातानं मोबाइल उचलला, मग हात धुवायला हवा म्हणून परत वळला, मग न धुताच गॅलरीत गेला. समोर अजिंक्यताऱ्यावर ऊन पसरलं होतं. वल्लरी मागून येऊन दारात उभी राहिली. “काय झालं?” “काही नाही, ऑफिसचं.” ती थांबली नाही. असल्या उत्तरानंतर थांबायचं नाही हे ती शिकली होती, आणि तिनं ते शिकावं याचं त्याला त्या घाईतही वाईट वाटलं.

पहिला फोन त्यानं अण्णांना लावला. “आत नेलं गड्या आक्काला,” अण्णा म्हणाले. “डोस्क्यात रगत साकळलंय म्हनं. फोटो बगितला म्हनून कळलं, न्हाईतर सोमवारपातूर बसलो असतो. तुज्यामुळं झालं हे. मी हितं थेटराच्या दारातच हाय, पाक वरच्या मजल्यावर.” आता या माणसाला, जिथून हलू नये अशा दारात बसलेल्या या माणसाला, तीन मजले खाली जाऊन एक बटण दाबा असं सांगायचं? “अण्णा, तुम्ही तिथंच थांबा,” तो म्हणाला. “थांबतोय की,” अण्णा म्हणाले. “कुटं जातोय. तू जेवलास का?” आक्का जगल्या तर त्या चुकीमुळं जगतील, हे त्याला समजलं, आणि तरी ती चूक कमी भीतीदायक होईना. उलट दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बसल्या आणि एकमेकींकडं बघायला लागल्या.

मोठ्या डॉक्टरांना फोन करावा. एवढं सरळ होतं. ते वॉर्डात निरोप देतील, मशीन बंद होईल. पण ते विचारतील, काय झालं? आणि मग सांगावं लागेल की ज्या माणसानं तुम्हाला बाहेरचं ठरवलं, त्यानं घरमालकासाठी दार उघडलं आणि जेवायला निघून गेला. नोकरी जाईल. नोकरी गेली तर सांगलीचं घर जाईल, अण्णा जाऊ देणार नाहीत, पण तोंड कसं दाखवायचं? त्यानं नंबर काढला आणि लावला नाही. वॉर्डात सरळ लावू. सिस्टरला सांगू, बटण दाबा, बस्स. कुणाला काही कळायचं कारण नाही. उद्या सोमवारी लवकर जाऊन बघू काय काय झालंय ते. वॉर्डाचा फोन जुना, टेबलावरचा, कोण बोलतंय ते दाखवत नाही. तो बराच वेळ वाजला. प्रत्येक वाजण्याबरोबर त्याला वाटत होतं, उचलायला कुणी नाही कारण तिथं पडदे काळे झालेत आणि सगळे जिन्यावरून धावतायत.

“फीमेल वॉर्ड, सिस्टर रूपाली.” मागं बरीच माणसं बोलत होती. तो घाईनं म्हणाला, “सिस्टर, कोपऱ्यातलं ते मशीन जरा बंद करा. मागचं बटण, भिंतीवरचं. लगेच.” “कोन बोलतंय?” “मी अवधूत. संगणक विभाग.” पलीकडं तिनं कुणाला तरी थांबा म्हटलं. मग ती शांतपणे म्हणाली, “माफ करा, फोनवरनं मशीनला हात लावायला सांगितलं तर आमी लावत न्हाई.” आणि तिनं फोन ठेवला.

त्याला आठवलं. पावसाळ्याच्या आधी त्यानंच सगळ्या सिस्टर लोकांना सभागृहात बसवून सांगितलं होतं, अर्धा तास, चिडून. कुणी फोन करेल आणि म्हणेल मी कॉम्प्युटरवाला, अमुक बटण दाबा, तमुक उघडा. ठेवून द्यायचा. आवाज गोड असो, घाईचा असो, रडका असो. मागच्या रांगेतली एक सिस्टर पेंगत होती म्हणून तो तिच्यावर ओरडलाही होता. ती रूपाली होती का? त्याला चेहरा आठवेना. एवढ्या वर्षांत त्या वॉर्डात तो किती वेळा गेला असेल, पण मशीनसमोर बसायचा तो मान खाली घालून. त्यांनी चहा विचारला की नको म्हणायचा, चहा घेतला की माणसं मग आपल्याकडं पेनड्राइव्ह घेऊन येतात. रूपालीला मुलं आहेत की नाहीत, ती मिरजेची की कुठून एसटीनं येते, त्याला काही माहीत नव्हतं. आता काय सांगितलं म्हणजे तिला पटेल की हा मीच? तो आठवत गेला आणि हाताला काहीच लागेना. तिच्या आणि त्याच्या मध्ये एकही गोष्ट नव्हती. एखादी गंमत नाही, एखादं भांडणसुद्धा नाही. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच बाहेर राहिल्यासारखं वाटलं.

त्यानं परत लावला. “सिस्टर, ठेवू नका. फक्त एक सांगा. त्या मशीनवर आत्ता कोणी बसलंय का?” बहुतेक सांगायला हरकत नसावी असं तिला वाटलं. “बसल्यात की. वरच्या वॉर्डातलं पेशंटचं मानूस हाय. दोघं-तिघं मागं उभी हायत. सकाळपास्नं लाईनच लागलीया. हितं सीडी उघडती म्हनून कुनीतरी सांगितलं सगळीकडं, तवापास्नं येत्यात.” अवधूतनं डोळे मिटले. रांग. त्याच्या नावापुढं रांग लागली होती. पिशव्यांतून, गाठोड्यांतून, एक्स-रेच्या पाकिटांतून लोक सीड्या काढत होते आणि आळीपाळीनं त्याच्या खुर्चीत बसत होते, आणि प्रत्येक सीडीला आतलं दार उघडं होतं. कुणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. आईच्या डोक्यात काय आहे, बायकोच्या पोटात काय आहे एवढंच त्यांना बघायचं होतं. अतिदक्षता विभागातली मशिनं त्याच भिंतीतल्या त्याच वायरीवर होती. तिथं आज कोण असेल? कुणाला काय चालत नाही, ते कुठं लिहिलेलं असेल?

“त्यांना उठवा,” तो म्हणाला. “सिस्टर, तुमच्या पाया पडतो, उठवा त्यांना.” “सर म्हनून कुनीबी फोन करंल,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, हेच भयंकर होतं. “मी कशावरनं मानू? मोठ्या डॉक्टरांचा फोन येऊ द्या, लगेच करते.” मोठ्या डॉक्टरांना गाठायचं, पटवायचं, त्यांनी परत इथं फोन करायचा, तोवर रांगेतली आणखी किती माणसं बसणार? आत हसण्याचा आवाज आला, क्षमाला कुणीतरी नाव घ्यायला लावत होतं. त्याला कळलं की एकच गोष्ट आहे जी त्याच्याशिवाय जगात कुणालाही माहीत नाही. बाहेरचा कुणीही ती सांगू शकणार नाही. ती सोडून त्याच्याजवळ स्वतःचं म्हणून दाखवायला काही नव्हतं. सांगितली की ती तिची झाली, मग ती त्याच्या हातात नाही.

“ते मशीन मी उघडं टाकलंय,” तो म्हणाला. “सकाळी. पडद्यावर वर कोपऱ्यात माझं नाव असेल, बघा. तिथं कधीच नसतं ते, तुमच्या वॉर्डाचं असतं. तुमच्याकडच्या गुणमालाआजींची सीडी बघायची होती, त्या माझ्या घरमालकांच्या आई. म्हणून माझ्या नावानं चालू केलं. नियम मोडून. स्क्रीन बंद होऊ नये अशी सोयही मीच केली. आणि बंद न करता साताऱ्याला आलो, बहिणीच्या केळवणाला. गेल्या वर्षी झालं तसं परत होऊ शकतं, या घटकेला होत असेल. झालं तर ते माझ्यामुळं होईल.” पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग रूपालीचा, लांबून, “उठा वो काका. उठा म्हनते न्हवं. सीडी ऱ्हाऊ द्या, नंतर काढून देते.” कुणीतरी कुरकुरलं, आमचा नंबर होता म्हणालं. खटका वाजल्यासारखं वाटलं, किंवा वाजला असं त्यालाच वाटलं.

“बंद केलं सर,” ती म्हणाली. “भिंतीवरनं. वायरबी काढून ठेवली.” “बाकीची मशिनं? चालू आहेत? पडदे?” “हितलं एक चालू दिसतंय. बाकीच्यांचं मी कसं सांगू?” “बरोबर,” तो म्हणाला. “बरोबर आहे.” मग त्यानं विचारलं, विचारायची खरं तर गरज नव्हती, “आता पटलं ना, मीच आहे म्हणून?”

“सर, आवाज मी पयल्याच फोनला वळखला होता,” रूपाली म्हणाली. “आमच्याकडं इतकं भरभर बोलनारं दुसरं कुनी न्हाई. पर वळखीचा वाटला तरी ठेवायचा, असं तुमीच सांगितलंवतं.”

त्याच्या हातावरचं श्रीखंड वाळून ताणायला लागलं होतं. ती त्याला ओळखत होती. सगळ्या वेळात, ठेवला तेव्हाही. त्याला रडू येईल असं वाटलं पण आलं नाही, भीतीनं त्यालाही जागा ठेवली नव्हती. कुठल्या मशीनमध्ये काय शिरलं, शिरलं की नाही, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. आणि आक्का अजून आतच होत्या.

“असं काय घडलं की लगेच वर कळवायचं, हेबी तुमीच सांगितलंय,” रूपाली म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज जरा अडखळला. “मग कळवू न्हवं सर?”

“कळवा,” तो म्हणाला.

“जरा मोठ्यानं बोला. हितं गलका लय हाय, ऐकू येत न्हाई.”

मागं दारात वल्लरी परत येऊन उभी होती, तिच्यामागं आई, आणि रांगोळीतून उठून आलेली क्षमा. अवधूत त्यांच्याकडं तोंड करून उभा राहिला.

“कळवा,” तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.